पट्टा पडल्यावरची सुट्टी : अंगाला, मनाला आणि घराला विसावा

मार्च सरत आला की साखर कारखान्यांचा पट्टा पडू लागतो. बिजवडी, शहाजीनगर, भवानीनगर, शेटफळगढे, कुठंही बघा, उसाच्या ट्रॅक्टरच्या रांगा थांबतात. तोडणीच्या टोळ्या खोपी मोडून गावाकडं निघतात. कारखान्यातल्या हंगामी कामगारांचा सिझन संपतो. द्राक्षाची काढणी उरकते. एमआयडीसीतल्या कंत्राटी पोरांना ठेकेदार ‘ब्रेक’ देतो. नेमक्या याच दिवसांत शाळांना सुट्टी लागते, पुण्या-मुंबईची भावंडं येतात, लेकी माहेरी येतात. म्हणजे पळसदेवसारख्या गावात आपल्या वस्तीवर मे महिन्यात दोन गोष्टी एकदम जमतात. हाताला काम नसतं आणि घरात माणसं असतात.

पहिल्या गोष्टीच्या काळजीत आपण दुसरीचा आनंद घालवून बसतो. पुरुष माणूस दिवसभर पारावर किंवा चौकात बसून पुढच्या कामाचा घोर लावून घेतो. बाई पाहुण्यांच्या भाकरी थापण्यात उन्हाळा घालवते. पोरं भर उन्हात पाण्याकडं पळतात. पाऊस पडला की पुन्हा काम सुरू, आणि अंग होतं तसंच थकलेलं. म्हणून यंदा आरोग्याच्या पानावर गोळ्या-औषधांपेक्षा सुट्टीबद्दलच बोलू. दोन कामांमधले हे दिवस नीट घालवले, तर पुढच्या सहा महिन्यांची ताकद यातूनच मिळते.

विसावा म्हणजे आळस नव्हे

सहा महिने ऊस तोडला, मोळ्या उचलल्या, रात्री-अपरात्री गाडी भरली, की कंबर, गुडघे, खांदे आणि मनगटं यांच्यावर जे ओझं पडतं ते एका रात्रीत उतरत नाही. स्नायूंची झीज विश्रांतीतच भरून येते. झोप कमी पडली की रक्तदाब वाढतो, चिडचिड वाढते, जखमा लवकर भरत नाहीत. हंगाम संपल्यावर पहिल्या आठ दिवसांत ‘ताई, काम होतं तोवर काही नव्हतं, आता सगळं अंग ठणकतंय’ असं सांगणारी माणसं नर्सिंगच्या नोकरीत मी दरवर्षी बघितली. दुखणं नवीन नसतं. कामाच्या धबडग्यात ते ऐकायला वेळ नसतो, एवढंच. अशा वेळी वेदनाशामक इंजेक्शन टोचून घेण्यापेक्षा आठ दिवस पुरेशी झोप, सकाळ-संध्याकाळ थोडं चालणं, कोमट पाण्याचा शेक आणि पोटभर साधं जेवण जास्त काम करतं. दुखणं पंधरा दिवसांत कमी झालं नाही, पायात मुंग्या येत असतील किंवा ताप असेल, तर मात्र दवाखाना गाठा.

सोण नावाच्या भिक्खूची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी विहारात ऐकली असेल. तो इतका कठोर चालला की पायातून रक्त आलं. तथागतांनी त्याला वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तरी सूर लागत नाही, फार सैल सोडली तरी लागत नाही. कष्टकऱ्याच्या शरीरालाही हाच नियम आहे.

आणि विश्रांती ही कुणी दिलेली खिरापतही नव्हे. फ्रान्समधल्या कामगारांनी १९३६ साली संप करून वर्षाला दोन आठवड्यांची पगारी सुट्टी मिळवली. आपल्याकडं डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत १९४५ च्या दुरुस्तीनं कारखाना कायद्यात पगारी सुट्टीची तरतूद आली आणि १९४६ च्या दुरुस्तीनं कामाचा आठवडा ४८ तासांचा झाला. म्हणजे कामगाराला फुरसत हवी, हा विचार बाबासाहेबांनी कायद्यात उतरवला. स्वतः रात्र-रात्र वाचणारा हा माणूस उतारवयात व्हायोलिन शिकत होता, हेही विसरू नका.

आजची अडचण अशी की कायद्यातली ही सुट्टी ऊसतोड मजुरापर्यंत आणि ठेकेदाराच्या कामगारापर्यंत पोचत नाही. कारखान्याच्या हंगामी कामगाराला बंद काळात थोडा रिटेन्शन भत्ता मिळतो, टोळीतल्या कोयत्याला तोही नाही. त्यासाठी संघटना हवी आणि लढाही हवा. पण लढा चालू असताना हातात आलेले दिवस अपराध्यासारखे घालवायचं काही कारण नाही.

घरातल्या बाईची सुट्टी कुठं आहे?

सुट्टी म्हटली की घरातल्या बाईचं काम दुप्पट होतं. चार माणसांच्या जागी दहा माणसं. चुलीपुढं मे महिन्याची दुपार. त्यात कुरडया, पापड, शेवया, सांडगे, वर्षाचं तिखट. कामावर असताना निदान मुकादमाची शिट्टी वाजल्यावर दिवस संपायचा, इथं तोही संपत नाही.

२७ मे हा रमाईंचा स्मृतिदिन. दीर्घ आजारानं त्या १९३५ साली गेल्या. त्यांच्या कष्टांवर आपण भाषणं करतो, प्रतिमेला हार घालतो. मग त्या दिवशी घरातल्या रमाईला दुपारी दोन तास झोपू द्यायला काय हरकत आहे? हा प्रश्न मी बायकांच्या बैठकीत विचारला की बायका हसतात. पुरुषांच्या बैठकीत विचारला की शांतता पसरते.

काही साध्या गोष्टी ठरवून करता येतात. भाकरी-कालवण सकाळी नऊच्या आत उरकायचं, दुपारी चूल पेटवायची नाही. दुपारी ताक-भात, कांदा, भिजवलेली डाळ, मटकीची उसळ असं गार खायचं. भांडी आणि पाणी भरणं पोरांनी आणि पुरुषांनी वाटून घ्यायचं. टँकर येवो नाहीतर हातपंपावर रांग लागो, हंडा उचलायला पुरुषाला लाज वाटायचं कारण नाही. कुरडया-पापड एकटीनं घरात करण्यापेक्षा चार घरच्या बायकांनी मिळून पहाटे सहा ते नऊ एका अंगणात करा. काम तेवढंच होतं, पण गप्पा होतात, हसणं होतं आणि मन हलकं होतं. सासू, सून, नणंद एका पाटावर बसल्या की वर्षभराच्या अढ्याही सुटतात. पाहुणी आलेली लेक ही राबायला आलेली नाही, विसाव्याला आली आहे, हेही लक्षात असू द्या. ती गरोदर असेल तर दुपारी डाव्या कुशीवर झोप, भरपूर पाणी आणि लोहाच्या गोळ्या चुकवू नयेत.

उन्हाचा दिवस कसा लावावा

इंदापूर तालुका पर्जन्यछायेतला. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढं जातो. पत्र्याच्या घरात तर दुपारी भट्टी असते. म्हणून सुट्टीचा दिवस दोन तुकड्यांत लावा. पहाट ते दहा आणि संध्याकाळी पाच ते दहा हा वेळ फिरण्याचा, खेळण्याचा, गावाला जाण्याचा. दुपारी बारा ते चार सावली, झोप, वाचन, गोष्टी, कॅरम. पत्र्यावर उसाचं पाचट किंवा ओलं पोतं टाकलं तर घरात फरक जाणवतो, पण विजेच्या वायरी आणि चूल तिथून लांब ठेवा. विहाराची किंवा समाजमंदिराची इमारत पक्की आणि हवेशीर असेल तर ती दुपारी वस्तीतल्या म्हाताऱ्यांना आणि पोरांना उघडी करून द्या. कुलूप लावून ठेवलेल्या सभागृहापेक्षा माठ, चटया आणि चार पुस्तकं असलेलं सभागृह समाजाच्या जास्त उपयोगाचं.

तहान लागायची वाट बघू नका. मोठ्या माणसानं दिवसभरात तीन-चार लिटर पाणी थोडं थोडं करून प्यावं. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल, तर डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय. अनेक बायका बाहेर गेल्यावर आडोसा नाही म्हणून पाणीच पीत नाहीत, मग जळजळ आणि जंतुसंसर्ग होतो. सहलीची जागा ठरवताना तिथं शौचालय आहे का, हे आधी विचारा. ताक, लिंबू सरबत, कैरीचं पन्हं, कलिंगड, काकडी हे आपलेच उपाय, स्वस्त आणि चांगले. रंगीत पेप्सी आणि गाड्यावरचा बर्फाचा गोळा कुठल्या पाण्याचा, ते कुणालाच ठाऊक नसतं. जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं मोजून, नीट विरघळवून घोट-घोट पाजा. सरकारी दवाखान्यात आणि आशाताईकडं ओआरएसची पाकिटं फुकट मिळतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी नको, आईचं दूधच जास्त वेळा पाजा.

चक्कर, डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे आले की माणसाला सावलीत घ्या, पाणी द्या. पण माणूस बरळायला लागला, अंग चटका बसेल इतकं तापलं, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात आहे. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान, काख आणि जांघेत ओली गार फडकी ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, तापाची गोळीही देऊ नका. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला उघड्या मैदानावरच्या सोहळ्यात उन्हानं १४ माणसं दगावली. आपलाही एप्रिल जयंतीचा असतो, मे महिन्यात बुद्धपौर्णिमा येते. मिरवणूक उन्हं उतरल्यावर काढा, वाटेत पाण्याचे माठ ठेवा, म्हातारी माणसं आणि लेकरांसाठी सावलीची जागा राखा. यानं उत्साह कमी होत नाही.

पाण्याजवळ जाताना

पळसदेवचा उन्हाळा म्हणजे उजनीचं पाणी. १९८० साली भीमेवरचं धरण पुरं झालं, जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि आजचं गाव महामार्गाच्या कडेला वसलं. पाणी उतरलं की जुन्या पळसनाथ मंदिराचं शिखर वर येतं. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेला, तेव्हा सगळं मंदिर उघडं पडलं आणि बघायला गर्दी लोटली. म्हाताऱ्या माणसांना सोबत नेऊन ‘इथं आपलं घर होतं, इथं पाणवठा होता, आपल्याला कुठून पाणी भरावं लागायचं’ हे लेकरांना दाखवायला सांगा. याहून चांगली सहल नाही आणि तिला तिकीटही नाही. भिगवणच्या बाजूला कुंभारगाव, डिकसळकडं उथळ पाण्यात रोहित पक्षी दिसतात. सकाळी लवकर गेलात तर उन्हाच्या आत घरी येता.

पण हे पाणी जवळचं असलं तरी भोळं नाही. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून आपल्या तालुक्यातल्या कळाशीकडं येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले, त्यात लहान लेकरंही होती. मे महिन्यात दुपारनंतर वळवाचं वारं कधी उठेल सांगता येत नाही. म्हणून बोटीत बसायचं तर सकाळी, मोजक्या माणसांत आणि प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट असेल तरच. जॅकेट नसेल तर काठावरूनच बघा, त्यात कमीपणा नाही. पाणी हटलेल्या जागी वरून वाळलेला गाळ दिसतो, खाली पाय रुततो. मळलेल्या वाटेनंच चाला. वरून पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी या नदीत येतं, त्यामुळं हे पाणी पिऊ नका. हिरवा तवंग दिसला तर पोरांना त्यात उतरू देऊ नका.

पोरांना पोहायला मात्र शिकवा, आणि पोरींनाही शिकवा. आपल्या आज्यांना गावच्या विहिरीला हात लावायची बंदी होती. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा तो हक्क उभा राहिला. ज्या पाण्यापासून आपल्याला दूर ठेवलं, त्या पाण्यात आपली लेक न भिता हात मारते, हे बघण्यासारखं असतं. शिकवायचं ते पायऱ्यांच्या विहिरीत किंवा तलावात, पोहणाऱ्या मोठ्या माणसाच्या डोळ्यांसमोर, पाठीला डबा किंवा भोपळा बांधून. दारू प्यालेला माणूस पोरांचा राखणदार होऊ शकत नाही.

कुणी बुडत असेल तर पोहता न येणाऱ्यानं उडी मारू नये. दोर, साडी, बांबू, रिकामा झाकणबंद कॅन टाका. बाहेर काढलेल्या माणसाला उलटं टांगणं, डोक्यावर घेऊन गरगर फिरवणं, पोट दाबणं हे सगळं बंद करा, यात मोलाची मिनिटं जातात. श्वास चालत नसेल तर सपाट जमिनीवर उताणं झोपवा, हनुवटी वर करून नाक दाबा आणि तोंडानं श्वास द्या. मग छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी ३० वेळा जोरात आणि भरभर दाबा, मोठ्या माणसात साधारण दोन इंच खोल. पुन्हा दोन श्वास. मदत येईपर्यंत थांबू नका. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच, फुप्फुसात गेलेलं पाणी नंतर त्रास देतं.

रात्रीचं अंगण

उन्हाळ्याची खरी मजा रात्री. अंगणात किंवा गच्चीवर अंथरुणं पडतात, आजी गोष्टी सांगते, कुणी भीमगीत धरतं, ढोलकी निघते. हा वेळ मोबाईलला देऊ नका. दहा जण शेजारी बसून दहा पडद्यांत बघत असतील, तर ती सुट्टी एकत्र घालवलेली नसते.

फक्त जमिनीवर झोपताना काळजी घ्या. मण्यार रात्रीच चावतो, चावल्याची खूणही पुष्कळदा दिसत नाही. खाट वापरा. नसेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचा. सरपणाचा ढीग आणि उष्टं-खरकटं झोपण्याच्या जागेपासून लांब ठेवा. रात्री उठताना बॅटरी लावा, चप्पल झटकून घाला. पहाटे पोटदुखी, पापण्या जड होणं, बोलता न येणं दिसलं तर सापाचा संशय धरून सरळ दवाखाना. विंचवावर महाडच्याच डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार सिद्ध केला आणि किती लेकरं वाचली. उतारा, मंत्र, अंगारा यांत वेळ घालवणं आपण १९५६ सालीच सोडलंय.

पैसा, बाटली आणि मनातला घोर

सुट्टीसाठी कर्ज काढू नका. पुढच्या हंगामाची उचल मे महिन्यातच घेऊन ती लग्नं-पाहुण्यांत उडवली, तर पुढचे सहा महिने मुकादमाच्या वहीत बांधले जातात. चार घरांनी मिळून एक टेम्पो, घरून भाकरी-चटणी, आणि धरणाची ताजी चिलापी काठावर भाजून खाल्ली, तर मेजवानीच होते.

रिकाम्या हातांना बाटली लवकर सापडते. उन्हाळ्यात दारू अंगातलं पाणी ओढून घेते, उष्माघाताचा धोका वाढवते आणि मार खाते ती घरातली बाई. ‘काम नाही म्हणून पितो’ असं सांगणाऱ्या भावाला उपदेशापेक्षा सोबत लागते. त्याला संध्याकाळी पोरांचा क्रिकेटचा संघ सांभाळायला द्या, विहाराची रंगरंगोटी द्या. कुणी माणूस आठवडेच्या आठवडे गप्प राहत असेल, झोपत नसेल, ‘माझ्यामुळं घर अडलंय’ असं पुन्हा पुन्हा म्हणत असेल, तर ते नाटक समजू नका. शेजारी बसा, ऐकून घ्या. टेलिमानस १४४१६ या सरकारी क्रमांकावर फुकट आणि मराठीत बोलता येतं.

दोन दिवस तपासणीला

कामावर असताना खाडा परवडत नाही, म्हणून दुखणं अंगावर काढलं जातं. या सुट्टीतले दोन दिवस जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी राखून ठेवा. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, डोळे, दात आणि लेकरांची राहिलेली लस. बायकांनी अंगावरून जाणं, कंबरदुखी लपवू नये. पण कुणी पहिल्याच भेटीत ‘पिशवी काढून टाका’ म्हणालं तर थांबा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला, तो आपल्यासारख्याच बायकांचा होता. सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा नको.

पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर काम सुटल्या दिवशीच उपचाराचा हक्क संपत नाही. भरलेल्या वर्गणीवर पुढचे काही महिने तो चालू राहतो. आपला विमा क्रमांक घेऊन चौकशी करा. पगाराच्या पावत्या आणि पीएफचा क्रमांक एका पिशवीत जपून ठेवा.

मृगाचा पाऊस पडला की पेरणी, दिवाळीच्या आगेमागे पुन्हा कोयता आणि कारखान्याचा भोंगा. तोपर्यंतचे हे दिवस आपले आहेत. या आठवड्यात वस्तीतल्या पाच घरांनी बसून तीनच गोष्टी ठरवा. सभागृह दुपारी कोण उघडणार, पोरांसोबत पाण्यावर कोण जाणार आणि कोणत्या दिवशी स्वयंपाक पुरुष करणार. ठरवलेलं भिंतीवर लिहून लावा, म्हणजे विसरायला वाव राहणार नाही.

सर्वांना सप्रेम जय भीम.